पाण्याची वाट : प्रतापगडच्या एका जुन्या जीपचं रसग्रहण

महाशिवरात्रीला प्रतापगडच्या डोंगराखाली जी शेकडो वाहनं उभी राहतात, त्यांत एक जुनी लांब जीप असते. राखाडी रंगाची, टपावर चपटं लाकडी झाकण असलेली, मागचं फाळकं उघडून त्यावर ताडपत्रीची पडवी काढलेली. नव्या चकचकीत गाड्यांच्या रांगेत ती चटकन डोळ्यांत भरत नाही. पण गाडीकामाची आवड असलेला माणूस तिच्यापाशी थांबला, वाकला आणि खालून पाहू लागला, की बराच वेळ तिथून हलत नाही. मीही तसाच थांबलो. जुनी गाडी राहण्याजोगी करणारे आता बरेच झाले आहेत. गंज समजून घेऊन ती पुन्हा उभारणारे थोडे. ही गाडी त्या थोड्यांच्या हातची आहे, म्हणून ती सावकाश वाचावी अशी आहे.

हे साताऱ्याचं प्रतापगड नव्हे. हे गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं. इथे पडक्या किल्ल्याच्या खुणा आहेत, महादेवाचं स्थान आहे आणि ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांचा दर्गाही आहे. जत्रा आणि उर्स, दोन्ही याच परिसरात भरतात. जवळच गोठणगावला गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण आणि १९७२ मध्ये वसलेली नॉर्गेलिंग ही तिबेटी वसाहत. पलीकडे नवेगाव बांधचा विस्तीर्ण तलाव आणि त्याभोवतीचं जंगल. धान निघाला की या झाडीपट्टीत रात्र रात्र नाटकं रंगतात, आणि पहाटेच्या बांध्यांतून सारस दिसतो. रात्री उशिरापर्यंत जागायचं आणि पहाटे तळ्याकाठी असायचं, तर गाडीतच पाठ टेकण्याची सोय हवी. ही गाडी अशा गरजेतून घडली आहे. दाखवण्यासाठी ती केलेली नाही, हे तिच्या प्रत्येक जोडात कळतं.

आधी तिचं कुळ पाहू. महिंद्रांनी स्वातंत्र्यानंतर लगेचच विलीज जीप मुंबईत माझगावला जुळवायला सुरुवात केली. पुढे सीजे-थ्रीबी हा नमुना इथे रुजला. त्याचं बोनेट उंच आहे, कारण विलीजच्या नव्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह डोक्यावर गेले आणि इंजिनाची उंची वाढली. अमेरिकेत हा नमुना १९५३ ते १९६८ एवढाच बनला. आपल्याकडे तो त्यानंतरही कितीतरी वर्षं बनत राहिला. ऐंशीच्या दशकात पुजोचं २,११२ सीसीचं डिझेल इंजिन आलं, आणि लांब चेसिसच्या, मागे समोरासमोर बाकं असलेल्या जीपा खेडोपाडी पोचल्या. विदर्भात काळी-पिवळी म्हणून त्यांनी माणसं वाहिली, सरकारी खात्यांत साहेब वाहिले आणि लिलावात निघाल्यावर शेतात खत-धान वाहिलं. आपली जीप सरकारी खात्यातून शेतात आणि शेतातून इथवर आलेली आहे. दाराच्या आतल्या काठावर रंगाचे थर मुद्दाम न घासता ठेवले आहेत, त्यांत हा प्रवास वाचता येतो.

लिलावातून येणाऱ्या सरकारी जीपांचा पुरवठा आता आटला आहे. १५ वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून वाढवली जात नाही, ती थेट भंगारात जातात. म्हणून ज्या जीपा लोकांच्या हाती आधीच आल्या, त्या नीट राखणं हे काम अधिक मोलाचं झालं आहे.

गाडीचा पहिला गुण दुरूनच दिसतो. ती सरळ उभी आहे. जुन्या जीपवर सामान चढवलं की मागचे पाटे बसतात, बोनेट वर उचललं जातं आणि गाडी आभाळाकडे बघू लागते. इथे तसं झालेलं नाही. चाकं मूळ मापाच्या जवळची आहेत, उंची वाढवलेली नाही. रंगही विचारपूर्वक निवडला आहे. जुन्या जीपला लष्करी हिरवा रंग द्यायचा मोह अनेकांना होतो; पण केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे तो रंग संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज कुणाला वापरता येत नाही. इथला राखाडी रंग धुळीत मिसळतो आणि कायद्यातही बसतो. क्षेमेंद्राने औचित्य हा काव्याचा प्राण मानला. गाडीकामाला तोच निकष लावावा असं मला वाटतं, आणि त्या निकषावर ही गाडी पहिल्या नजरेतच उतरते.

पण खरं काम खाली आहे. ते समजायला आधी गंज समजायला हवा.

लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज धरतो, इतकं सगळ्यांना माहीत असतं. लक्षात राहत नाही ते पुढचं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. म्हणून दोन पत्रे जिथे एकावर एक जोडलेले असतात, तिथे आत धरलेला गंज त्यांना पाचरीसारखा फाकवतो आणि बाहेरून रंगाला फुगा येतो. दुसरं, अरुंद फटीत साचलेल्या पाण्यात प्राणवायू कमी पडतो, आणि नेमकी तीच जागा बाहेरच्या उघड्या पत्र्यापेक्षा वेगाने खाल्ली जाते. म्हणजे जे दिसतं ते कमी सडतं, जे झाकलेलं असतं ते जास्त. पुट्टी भरून वर रंग मारला की गंज थांबत नाही. त्याला झाकण मिळतं, इतकंच.

या जीपचा गंज तिच्या पूर्वायुष्याप्रमाणे पसरलेला होता. हौद्याच्या तळाला खताच्या गोण्यांनी खाल्लं होतं. युरिया आणि डीएपी ही खतं हवेतला ओलावा ओढतात. गोणी फुटून कणभर खत कोपऱ्यात राहिलं तरी तो कोपरा कोरडा होत नाही. चाकांवरच्या कमानीत बांध्यांतला चिखल थापला गेला होता आणि तो महिनोन्‌महिने ओल धरून होता. ज्या भागात वर्षाला साधारण १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत, तिथे हे नवल नाही. समोरच्या काचेच्या चौकटीचा खालचा काठ, ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा आणि हौदा चेसिसवर जिथे रबरावर टेकतो त्या जागा, या तिन्ही ठिकाणी जीप नेहमी सडते. इथेही सडली होती.

गाडी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी मालकाला दोन वाटा सांगितल्या होत्या, त्या मालकाने मला सांगितल्या. "भाऊ, पुट्टी भरून पाहिजे असल तर परवा गाडी घेऊन जा. पण पोळ्याच्या आत वापस इथंच याल. कापायचं म्हणाल तर दिवाळीपर्यंत गाडीचं नाव काढू नका." मालकाने कापायची वाट धरली. या एका निर्णयावर पुढचं सगळं उभं आहे.

कापलं कसं, ते पाहण्यासारखं आहे. सडलेला भाग तेवढाच काढावा असा अनेकांचा आग्रह असतो, कारण मूळ पत्रा जपावासा वाटतो. पण सडलेल्याच्या कडेला जो बरा दिसणारा पत्रा असतो, तो मागून बारीक झालेला असतो, आणि झाळ मारताना वितळून त्याला भोकं पडतात. मिस्त्रींनी ठोकून, आवाज ऐकून, खणखणीत पत्र्यापर्यंत कापत नेलं. ठिगळांचे कोपरे काटकोनी ठेवलेले नाहीत, गोल केले आहेत. चौकोनी कोपऱ्यात ताण एकवटतो आणि तिथून चीर सुरू होते; गोल कोपऱ्यात तो वाटला जातो. खालून पाहिलं तर सगळी ठिगळं अशीच गोल आहेत. कुणी बघणार नाही त्या जागीही.

पत्रा सीआर, म्हणजे थंड लाटलेला साधा पोलादी, १८ गेजचा. जिथे पाय आणि वजन पडतं तिथे १६ गेजचा. पुष्कळ ठिकाणी जस्त चढवलेला जीआय पत्रा लावतात, कारण तो लगेच गंजत नाही. पण त्यावर झाळ मारताना जस्ताचा धूर होतो, जोड कच्चा राहतो आणि धूर श्वासात गेला तर मिस्त्रीला ताप भरतो. इथे ते टाळलं. जोड काठाला काठ लावून केले आहेत, एकावर एक चढवून नव्हे. चढवून जोडणं सोपं आणि जलद असतं, पण दोन पत्र्यांत फट राहते आणि फट म्हणजे पुन्हा गंजाचं घर. सलग झाळ ओढली असती तर पातळ पत्रा तापून लहरला असता. म्हणून आधी इथे एक टाका, तिथे एक टाका, मधे थंड व्हायला वेळ, असं करत रेषा पुरी केली आहे. मूळ तळाला ताकदीसाठी दाबलेल्या लांब नळ्या होत्या. नव्या पत्र्यावर मिस्त्रींनी त्या लाकडी ठोकळा आणि हातोडी घेऊन पुन्हा उठवल्या. त्या कंपनीच्या नळ्यांइतक्या सरळ नाहीत. पण मूळच्या नळ्यांच्या तोंडाशी तोंड जुळवून त्या पुढे नेल्या आहेत, आणि त्यामुळे नवा पत्रा जुन्याचाच भाग झाला आहे.

जिथे पत्रा जाड होता आणि नुसता वरवर चट्टा धरला होता, तिथे कापलं नाही. तारेच्या ब्रशने घासून टॅनिनवर आधारलेलं द्रव लावलं. टॅनिन गंजाशी मिळून निळसर काळा, टिकाऊ थर बनवतं. या जंगलातल्या हिरड्यात हेच टॅनिन भरपूर असतं. हिरड्याचं पाणी लोखंडी भांड्यात काळं होतं ते याचमुळे. मात्र हा उपाय चट्ट्यावरचा आहे, भोकावरचा नाही, ही मर्यादा मिस्त्रींनी पाळली. त्यावर जस्ताचं प्रमाण जास्त असलेला प्रायमर, आणि मग रंग. साधा रेड ऑक्साइड मारून गाडी महिनाभर उघड्यावर ठेवण्याची रीत इथे मोडली, हे फार चांगलं झालं. रेड ऑक्साइड वरून कोरडा दिसला तरी सच्छिद्र असतो. वरचा रंग बसेपर्यंत त्याखाली पाणी झिरपत राहतं.

आता या कामातली सर्वांत सुंदर गोष्ट. हौद्याच्या तळाला प्रत्येक नळीच्या सर्वांत खोल टोकाला एक भोक आहे. दारांच्या खालच्या काठाला आहेत. काचेच्या चौकटीत आहेत. चेसिसच्या पेटीसारख्या बंद भागांत, जिथे आतलं कधीच दिसत नाही, तिथेही आहेत. भोकांचे काठ रंगवलेले आहेत आणि ती खालच्या बाजूला किंचित दाबली आहेत, म्हणजे पाणी काठाला चिकटून मागे न पसरता थेंब होऊन गळतं. बाहेरचं पाणी आत येऊच नये असा प्रयत्न बहुतेक माणसं करतात. ते कधीच पूर्ण साधत नाही. इथे विचार उलटा आहे. पाणी येणारच, तर ते कुठून जाणार?

हा विचार या मातीतला आहे. पूर्व विदर्भात कोहळी समाजाने शेकडो तलाव बांधले. नवेगाव बांध कोलू पाटील कोहळींचा मानला जातो. त्या माजी मालगुजारी तलावांत पाळ जितकी महत्त्वाची, तितकंच तुडुम आणि तितकाच सलंग. तुडुमातून हवं तेव्हा शेताला पाणी सोडायचं, आणि सलंगावरून जास्तीचं पाणी आपोआप वाहून जाऊ द्यायचं. सलंग नसलेली पाळ पहिल्या मोठ्या पावसात फुटते. ही जीप पाणी साठवण्यासाठी नाही, तरी तिचं शहाणपण त्याच जातीचं आहे: पाण्याला अडवण्याआधी त्याची जाण्याची वाट ठरवलेली. मिस्त्रींना हे कुणी शिकवलं असेल नसेल. काम पाहून मात्र त्यांच्या हाताला ते ठाऊक आहे असं दिसतं.

चेसिसच्या बंद भागांत आतून पातळ मेण फवारलं आहे. आपल्याकडे इंजिनातून काढलेलं काळं ऑइल फासायची पद्धत आहे. ती स्वस्त आहे आणि काही काळ चालतेही. पण ऑइल रबराचे बुश फुगवतं, धूळ धरून ठेवतं आणि ओघळून शेतात उतरतं. मेण भेगांत शिरतं, तिथेच बसतं. दर पावसाळ्याआधी भोकांतून तार घालून ती मोकळी करायची आणि मेणाचा हात पुन्हा द्यायचा, असा नेम मालकाने ठेवला आहे. चेसिसवरचा मूळ नंबर मात्र घासून, स्वच्छ करून, नुसत्या पारदर्शक थराखाली ठेवला आहे. तो कापणं किंवा झाकणं म्हणजे गाडीची ओळख पुसणं, आणि कायद्यानेही ते महागात पडतं.

दुरुस्ती अशी झाल्यावर गाडी राहण्याजोगी करण्याचं काम सुरू झालं. इथे अनेक चांगल्या दुरुस्त्या वाया जातात. कारण झोपायची सोय म्हणजे श्वास, आणि श्वास म्हणजे पाणी. झोपलेला माणूस रात्रभरात श्वासातून आणि त्वचेतून पाव लिटरच्या आसपास पाणी सोडतो. डिसेंबरच्या रात्री बाहेरचा पत्रा थंड असतो, आतली वाफ त्यावर जमते आणि ओघळत खाली जोडांत जाते. आत स्वयंपाक केला तर आणखी वाईट. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपाने हवेत येतं. म्हणून या गाडीत चूल आत नाहीच. फाळक्यावर, पडवीखाली, एक लोखंडी चौकट बाहेर सरकते आणि शेगडी तिच्यावर बसते. सगळा स्वयंपाक बाहेर. हा निर्णय गंजाच्या भीतीतून आला, पण त्यातून गाडीला ओसरी मिळाली. चहा घेणारे चार जण उभे राहू शकतात, बोलू शकतात, आत डोकावू शकतात.

पत्र्याला आतून उबदार अस्तर दिलं आहे, तेही विचाराने. काचेचा कापूस स्वस्त असला तरी पाणी पितो आणि पत्र्याला ओला पोटीस बांधल्यासारखा बसतो. इथे बंद पेशींचा रबरी फोम आहे. तो पत्र्याला पूर्ण चिकटवलेला आहे, त्यामुळे मागे हवा खेळत नाही आणि वाफ जमायला थंड पृष्ठभाग उरत नाही. मात्र दाराच्या खालच्या भागात आणि नळ्यांवर अस्तर दिलेलं नाही. तिथून पाणी जायचं आहे, तिथे काही नको. तळावर सागवानी फळ्यांची जाळी आहे, चार खिळी काढल्या की उचलता येते. चिखलाचे पाय आले तरी माती फटींतून खाली पडते, आणि पाण्याची बादली ओतली की भोकांतून निघून जाते.

लांब जीपचा हौदा पाच फुटांच्या घरातला; सहा फुटांचा माणूस त्यात मावत नाही. त्यावरचा उपाय या गाडीतला सर्वांत बुद्धिमान बदल आहे. दोन्ही बाकांच्या पेट्यांमधे फळी टाकली की पलंग होतो, आणि फाळकं आडवं केलं की तीच फळी दुमडलेल्या भागासह मागे उलगडते. पाय फाळक्यावर, पडवीच्या आडोशाला. हौदा कापून मागे लांबवण्याचा मार्ग सोपा दिसतो. पण त्यात गाडीचं मूळ माप बदलतं, मागचा लोंबता भाग वाढतो, नाल्यात उतरताना तो जमिनीला लागतो, आणि परिवहन कार्यालयात प्रश्न उभा राहतो. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाला छेद देणारे बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये ते स्पष्ट केलं. या गाडीत जे आहे ते सगळं बोल्टवर आहे. दोन पाने आणि एक दुपार मिळाली की ती पुन्हा बाकांची साधी जीप होते. ज्याला मोठा, कायमचा बदल करायचा असेल त्याच्यासाठी मोटार कॅरॅव्हॅन हा वेगळा प्रकार नियमांत आहे, त्यासाठी एआयएस-१२४ हे मानक आहे, आणि महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. ती वाट वेगळी. ही गाडी मूळ वस्तूचा मान राखून पाहुणचार करते.

पेट्या हौद्याला कुठे धरल्या आहेत, तेही पाहा. पुढे दोन, मागे मधोमध एक, अशा तीनच जागी, रबर घालून. जंगलवाटेवर एक चाक खड्ड्यात आणि दुसरं दगडावर गेलं की चेसिस पिळवटते. तसं पिळवटणं हा दोष नाही, त्यामुळेच चारही चाकं जमिनीला धरून राहतात. पण पेटी चार कोपऱ्यांत घट्ट आवळली तर तो पीळ पेटीत उतरतो आणि जोड चिरतात. तीन बिंदूंतून नेहमी एकच प्रतल जातं, म्हणून तीन जागी धरलेली पेटी पिळवटत नाही. जर्मन उनिमोगवर घरासारखी मोठी पेटी बसवतानाही अशीच पिळमुक्त मांडणी करतात. ज्या कामगाराने हे बसवलं त्याने ते चित्रांतून उचललं असो की ट्रॉलीच्या कामातून, त्याला कारण कळलेलं होतं. ते यावरून दिसतं: रबराची जाडी प्रत्येक ठिकाणी वेगळी आहे आणि बोल्ट आवळून नटाला दुसरा नट लावलेला आहे.

टपावरचं झाकण एका बाजूला बिजागरीवर उघडतं आणि तिन्ही बाजूंना कापडी भिंती उभ्या राहतात. अशी बाजूला उघडणारी छपरं इंग्लंडात फोकस्टनच्या मार्टिन वॉल्टर कंपनीने डॉरमोबिल या नावाने प्रसिद्ध केली, आणि लँड रोव्हरवरही बसवली. लँड रोव्हरची बॉडी ॲल्युमिनियमची, कारण १९४८ मध्ये युद्धानंतर तिथे पोलादाची टंचाई होती. म्हणून तिचा गंज चेसिसमध्ये आणि समोरच्या पोलादी भिंतीत एकवटतो. आपली जीप सगळीच पोलादाची. तिला गंज कुठेही धरू शकतो. त्यामुळे झाकणाचं वजन, पाण्याचा ओघ आणि बिजागरीचे बोल्ट यांचा विचार इथे जास्त काटेकोर करावा लागला. झाकणाचा काठ दाराच्या काठाबाहेर बोटभर आहे आणि त्याला खाली वळवलेली कड आहे, म्हणजे पाणी दाराच्या वरच्या फटीत न जाता बाहेर पडतं. भिंतींना जाड सुती कॅनव्हास वापरलं आहे. भिजलं की सुती धागा फुगतो आणि विणीतली छिद्रं स्वतःच मिटतात, तरी आतली वाफ थोडीफार बाहेर जाते. प्लास्टिकच्या ताडपत्रीत पाणी येत नाही, पण श्वासही बाहेर जात नाही. कॅनव्हासला एकच पथ्य: ओलं असताना मिटायचं नाही. ज्याला सकाळी घाई आहे, त्याने हे छप्पर करू नये.

विजेचं काम थोडक्यात सांगण्यासारखं आहे, कारण ते गाजावाजा न करता चांगलं आहे. दुसरी बॅटरी, तिच्या अगदी जवळ फ्यूज, तारा नळीतून आणि चेसिसला टेकतील तिथे रबर. अर्थिंगच्या जागा घासून, नट लावून, वर ग्रीस. जुन्या जीपचे दिवे मंद पडतात त्यात बल्बचा दोष क्वचितच असतो. गंजलेल्या अर्थिंगचा बहुतेक वेळा असतो.

रसग्रहण म्हणजे नुसती स्तुती नव्हे, म्हणून दोन उणिवा सांगितल्या पाहिजेत. पहिली पायरीची. मागच्या पायरीवर ॲल्युमिनियमचा नक्षीदार पत्रा थेट पोलादावर बोल्टने आवळला आहे. दोन वेगळे धातू आणि मधे पावसाचं पाणी मिळालं की त्यांच्यात वीज वाहू लागते आणि ॲल्युमिनियम झिजतं. बोल्टाभोवती पांढरी भुकटी आत्ताच दिसते. मधे रबराची पट्टी आणि बोल्टाला नायलॉनची टोपी, एवढा उपाय पुरे होता. इतक्या विचारी कामात ही जागा सुटावी याचं वाईट वाटतं. दुसरी उणीव झाकणावरच्या कॅरियरची. तिथे दुसरी स्टेपनी ठेवली आहे. जीप आधीच उंच आणि अरुंद; वरचं वजन उतारावर तिचा तोल बिघडवतं आणि झाकण उचलणाऱ्याच्या पाठीलाही जाचतं. स्टेपनीला फाळक्याच्या बाजूला मूळ जागा आहेच.

या दोन्ही उणिवा बोल्टच्या आहेत, पत्र्याच्या नाहीत. म्हणजे त्या एका दुपारी दुरुस्त होतात. जे काम पुन्हा उघडता येत नाही, ते या गाडीत अचूक झालं आहे; जे काम उघडता येतं, त्यात किरकोळ चुका आहेत. कारागिराचं शहाणपण तपासायचं तर ते या वाटणीत तपासावं. चुकायचंच असेल तर जिथे परत येता येईल तिथे चुकावं.

माझा निवाडा असा. आपल्याकडच्या गाड्यांच्या पुनर्बांधणीत रंग, मोठी चाकं, दिव्यांची रांग आणि चामड्याच्या गाद्या यांनाच कौशल्य मानलं जातं. प्रतापगडची ही जीप त्याहून पुढचं काम आहे. तिच्यातली सगळी बुद्धी तळाशी, जोडांत, भोकांत आणि बोल्टांत आहे. ती आणखी वीस पावसाळे काढेल असं म्हणायला धीर होतो, कारण तिच्यात पाणी थांबायला जागा नाही आणि दुरुस्ती करायला अडथळा नाही.

तुम्ही जुनी जीप घ्यायला किंवा तुमची जीप राहण्याजोगी करायला निघाला असाल, तर एवढं करा. दोन बादल्या पाणी सोबत न्या. एक टपावर ओता, एक हौद्यात. मग गाडीखाली आडवे पडा आणि ते कुठून येतं, किती वेळात येतं, कुठे येतच नाही, ते पाहा. जिथून येत नाही तिथे आत सडतंय. मिस्त्रींना ती जागा दाखवा, पुट्टी नको म्हणून सांगा, आणि कापायला लागणारे दिवस व पैसे हिशोबात आधीच धरा. रंग सर्वांत शेवटी निवडा.